काकीचं नाव

एसटी सुटायला दहा मिनिटं होती आणि तेवढ्या वेळात बाबांनी अख्ख्या स्टँडला सांगून टाकलं की माझं चेडू, म्हणजे मुलगी, मुंबईला वेड्यांचं शिकायला चाललं आहे. आधी कंडक्टरला सांगितलं, मग चहावाल्याला, मग ज्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं अशा एका नवरदेवाच्या मामाला. मी खिडकीतून डोळे वटारत होते. ‘मानसिक आरोग्य’ हे दोन शब्द मी त्यांच्याकडून महिनाभर घोकून घेतले होते, ते ऐन वेळी घशातच राहिले. मग एक आजोबा खिडकीपाशी आले. सुनेला झोप लागत नाही, शिकून आलीस की जरा बघ, म्हणाले. सुनेचं नाव सांगितलं, माहेर सांगितलं, तिचं पहिलं बाळ गेल्याचंही सांगितलं. निम्म्या बसने ते ऐकलं आणि सगळे हळहळले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

आईने उकड्या तांदळाची पिशवी मांडीवर दिली आणि जेवणाच्या वेळा सांभाळ म्हणाली. बाबांना जे म्हणायचं होतं ते महिनाभर म्हणून झालं होतं, पण बस हलल्यावर पुन्हा एकदा म्हणाले, “माणसाचा ऐकूक डिग्री कित्याक लागता?” मला भयंकर चीड आली. आज दोन वर्षांहून जास्त झाली. गावात राहिलेल्या तुम्हाला आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे लिहायला बसले आहे, कारण त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही आणि चीडही गेलेली नाही. फक्त ती आता कुणावर काढायची ते कळत नाही.

मुलुंडला आत्याकडे उतरले. दोन खोल्या, सातवा मजला, गॅलरीतून डोंगराची एक कड दिसते. आत्या प्रेमळ आहे. पण पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं तेव्हा तिने मी ‘एचआर’ करते म्हणून सांगितलं. घरात आल्यावर मी जाब विचारला तर म्हणाली, “मेंटल म्हटलं की माणसं दुसराच अर्थ काढतात गं. उद्या तुझं लग्न जमवायचंय.” गावात बाबांनी स्टँडभर ओरडून सांगितलं आणि इथे आत्याने लिफ्टमध्ये लपवलं. मी दोघांवरही चिडले. आपल्याला नेमकं काय हवं होतं, हे त्या वेळी मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

कॉलेज अंधेरीला. आठवड्यात तीन दिवस वर्ग आणि दोन दिवस फील्डवर्क, म्हणजे वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम. वर्गात आम्ही एकमेकींच्या समोर बसून रोल-प्ले करायचो. अंधेरीतच वाढलेली रुचा डोळ्यांत पाणी आणून उदास बाईचं काम इतकं झकास करायची की मी तिला समजवायला जायचे आणि मॅडम म्हणायच्या, सल्ला देऊ नकोस, ऐक. फील्डवर्कहून आल्यावर प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा. कोण काय बोललं, आपण काय बोललो, आपल्याला काय वाटलं, सगळं इंग्रजीत. ‘जीव खालीवर होतो’ याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर मी एक संध्याकाळ घालवली. शेवटी ‘अँग्झायटी’ लिहिलं. ते चूक नव्हतं, पण ज्या बाईने ते सांगितलं होतं तिचा जीव त्या शब्दात कुठेच नव्हता.

ती बाई म्हणजे काकी. तिचं नाव इथे लिहिणार नाही. एवढं तरी आता शिकले आहे.

काकी घाटकोपरला डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत राहते. नवरा पूर्वी गिरणीत होता, आता एका सोसायटीत वॉचमन. माहेर-सासर दोन्ही आमच्या शेजारच्या तालुक्यातलं. काही महिन्यांपासून ती झोपत नव्हती, चूल पेटवत नव्हती, दिवसभर उंबऱ्यावर बसून कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय ते ऐकत असायची. महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या डब्यात तशाच होत्या. माझं काम एवढंच होतं की तिच्याशी बोलायचं, घरच्यांशी बोलायचं आणि ती गोळ्या का घेत नाही ते समजून घ्यायचं.

पहिल्या भेटीत मी तिला संमतीचा फॉर्म वाचून दाखवला. तुम्ही जे सांगाल ते गुप्त राहील, तुमचं नाव कुणालाही सांगितलं जाणार नाही. स्वच्छ मराठीत, हळूहळू, शिकवल्याप्रमाणे वाचलं. तिने न ऐकता सही केली आणि विचारलं, “तू खयची गो?” गाव सांगितलं. कुणाची, ते सांगितलं. आमच्या देवळाचा गुरव माझा बाप आहे हे कळल्यावर मात्र ती पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बसली. मॅडमनी त्या अहवालावर लाल पेनने लिहिलं की स्वतःविषयी जास्त सांगू नये, दुहेरी नातं तयार होतं. मी मनात म्हटलं, मॅडम, आमच्याकडे एकेरी नातं असतंच कुठे.

चौथ्या भेटीत काकीने कारण सांगितलं. हा घराण्याचा त्रास आहे, गोळीने जायचा नाही. आणि मग म्हणाली, “बापाशीक सांग, देवाचो कौल घेव दे. देवान उजवो कौल दिल्यान तर गोळी घेतंय.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणावर फुलाच्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि कळी उजवीकडची पडते की डावीकडची यावरून देवाचं उत्तर समजतात. गाऱ्हाणं म्हणजे मोठ्याने, सगळ्यांसमोर देवाला घातलेलं साकडं. नाव, गाव, घराणं, अडचण सगळं सांगायचं. प्रत्येक वाक्याला मागे उभे असलेले लोक “व्हय म्हाराजा” म्हणतात. लहानपणापासून मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

त्या दुपारी घाटकोपरच्या उतारावरूनच मी बाबांना फोन लावला. त्यांनी विचारलं तिचं नाव, घोवाचं म्हणजे नवऱ्याचं नाव, गाव, वाडी, कुठलं घर. मी एकेक सांगत गेले, रेशनकार्डाचा फॉर्म भरावा तसं. फॉर्मवरचं ‘कुणालाही’ मीच तिला वाचून दाखवलं होतं. पण त्या ‘कुणालाही’त माझा बाप आणि आमचा देव येतात असं मला वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं वाटलं. हे लिहिताना हसावं की रडावं कळत नाही.

कौल उजवा झाला. बाबांनी अंगारा पुडीत बांधून गावाहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवला. काकीने तो कपाळाला लावला, चिमूटभर पाण्यात घातला आणि त्याच पाण्याबरोबर गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी घेतली, तिसऱ्या दिवशीही. पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा चूल पेटली होती, बांगड्याचं तिखलं होतं आणि तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ती झोपत होती. मी इतकी खूश झाले की अहवालात कौलाचं सगळं सविस्तर लिहिलं, आणि ते लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. रुचा वाचून म्हणाली, “यार, तू देवाला केस रेफर केलीस?” आम्ही दोघी पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, नाव सांगितलंस का.

तोवर व्हायचं ते झालंच होतं. सोमवारी आमच्या देवळात आजूबाजूच्या गावांतली माणसं कौलाला येतात. त्यांच्यात काकीच्या वाडीतला एक जण होता. त्याने नाव ऐकलं, घोवाचं नाव ऐकलं, “व्हय म्हाराजा” म्हटलं आणि घरी जाऊन सांगितलं. त्याच्या मनात काही वाईट असेल असं नाही. आठ दिवसांत बातमी वाडीभर झाली की अमक्याची बायको मुंबईला भ्रमली आहे, वेड लागलंय तिला. मग काकीला तिच्या दिराचा फोन आला; हे सगळं मला नंतर तिच्या नवऱ्याकडून कळलं. गणपतीला औंदा येऊ नकोस, दगदग नको, आराम कर. लग्न होऊन आल्यापासून गणपतीचा नैवेद्य तिच्या हातचा असायचा. मुंबईच्या त्या एका खोलीत तिने इतकी वर्षं काढली ती पाच दिवस त्या घरात हक्काने वावरता यावं म्हणून. ते घर मी एका फोनने बंद केलं.

पुढच्या भेटीला दार अर्धंच उघडलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “मी देवाक सांगूक सांगितलंय गो, गावाक नाय.”

आणि दार लावलं. मी बाहेर उभी राहिले. शेजारच्या बाया बघत होत्या, म्हणून खाली उतरले.

मॅडमच्या केबिनमध्ये मी भांडले. म्हटलं, कौलाशिवाय तिने गोळी घेतलीच नसती, तुमचं पुस्तक तिथे पोचलंच नसतं. मॅडमनी ते मान्य केलं. म्हणाल्या, “तुझा हेतू चांगला होता गं. पण नाव तुझं नव्हतं.” त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बरोबर होत्या आणि त्यांना त्याचा आनंदही नव्हता. फील्डवर्कमध्ये मी नापास झाले, पूर्ण सत्र पुन्हा करायचं ठरलं. काकीची केस रुचाकडे गेली. मैत्रिणींच्या हातात डिग्री आली तेव्हा मी दुसऱ्या वस्तीत पुन्हा पहिल्यापासून फॉर्म वाचून दाखवत होते. घरी मी सांगितलं की कोर्स लांबला. आत्याने शेजारणीला सांगितलं की एचआरमध्ये असं होतं.

काकी गोळ्या घेते की नाही, मला माहीत नाही. रुचाला एकदा विचारलं. ती म्हणाली, “नाही गं सांगू शकत. माझ्या जागी तू असतीस तर सांगितलं असतंस का?” मी म्हटलं, हो, सांगितलं असतं, तोच तर प्रॉब्लेम होता. ती हसली नाही. जिच्या हातचं मी जेवले ती बाई आज झोपते की उंबऱ्यावर बसते, हे विचारायचा हक्क मला नाही, आणि नसायलाच हवा, आणि या ‘नसायलाच हवा’ने माझं डोकं फिरतं. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं म्हणून माणूस मरतो. इथे कुणाला काही माहीत नसतं म्हणून मरतो. मधला रस्ता शिकायला मी आले होते. तो कुठल्या सत्रात शिकवतात ते मला अजून सापडलेलं नाही.

दिवाळीत घरी गेले. जेवताना बाबांनी सहज विचारलं, त्या बाईचं काय झालं? दिराचा फोन, लागलेलं दार, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, बाबा, सांगता येत नाही. “माका पण?” म्हणाले. तुम्हालाही नाही, म्हटलं. मग मात्र मी सगळा नियम समजावून सांगितला. आधी विचारायचं, माणूस हो म्हणाला तरच नाव घ्यायचं, आणि जिथे हो म्हणाला असेल तिथेच घ्यायचं. कुणाचं काय नुकसान झालं ते सांगितलं नाही, पण काहीतरी झालं आहे हे त्यांना कळलं असावं. त्यांनी वाद घालावा म्हणून मी वाट बघत होते. नाव नसलं तर देव कुणाच्या घरी जाणार, असं काहीतरी म्हणतील, मग मी भांडेन. ते ताटातला भात चिवडत राहिले. जरा वेळाने म्हणाले, म्हणजे मी तिचं नाव तिला न विचारताच घेतलं. चूक माझी आहे, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

सोमवारी देवळात गेले. पंधरा-वीस माणसं होती. मी गावी असले की बाबा पहिलं गाऱ्हाणं माझं घालतात. मला आठवतं तेव्हापासून, परीक्षा, ताप, मुंबई, सगळ्यासाठी, खणखणीत आवाजात. त्या दिवशी ते देवासमोर उभे राहिले, हात जोडले, आणि थांबले. मग वळून माझ्यापाशी आले आणि हलक्या आवाजात विचारलं, “तुझा नाव घेतलंय तर चलात मां?”

हा प्रश्न मी वस्त्यांमध्ये किती जणींना विचारला असेल. तो विचारता येणं म्हणजे माणसाचा मान राखणं, हे मी परीक्षेत लिहिलं आहे आणि मला ते पटतंही. पण बाबांच्या तोंडून तो ऐकला आणि मला एकदम परकं वाटलं. घर म्हणजे काय, असं मला आज विचाराल तर एवढंच सांगता येईल: जिथे हे आपल्याला कधी कुणी विचारलं नव्हतं ती जागा. तिथे विचारायला मीच शिकवलं.

मी मान हलवली. बाबांनी माझं नाव इतक्या हळू घेतलं की दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू आलं नाही. मागची माणसं सवयीने “व्हय म्हाराजा” म्हणाली, कुणासाठी ते न कळताच. मोठ्यान घेवा बाबा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तोवर ते पुढच्या माणसाकडे वळले होते. त्यालाही त्यांनी आधी विचारलं, आणि तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.