भिमाजीनानांनी कम्प्युटर गार केला

११ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंबडच्या कारखान्यात यंत्रांची पूजा होती आणि हारांचे एकूण एक हजार आठशे पंचेचाळीस रुपये झाले. ते भिमाजींच्या हातावर ठेवले शेखर देवरे यांनी. देवरे कारखान्याचे हिशेब पाहत आणि त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. भिमाजींनी नोटा न मोजताच बंडीच्या खिशात घातल्या. देवरेसाहेबांनी दिलेलं मोजायचं नसतं, हा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता.

भिमाजी मखमलाबादकडचे. वीस गुंठ्यांत शेवंती आणि झेंडू, बांधाच्या कडेला मेथी-कोथिंबीर. पहाटे तोडणी व्हायची, मग बायको चतुराबाई हार ओवायला बसायच्या, आणि दर गुरुवारी आठच्या ठोक्याला भिमाजींची मोपेड अंबडच्या फाटकात शिरायची. मागच्या पाटीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेले हार. गोणपाट किती पिळायचं हे ते फुलाला बोट लावून ठरवत. शेवंतीला बेतानं, झेंडूला थोडं सढळ. मे महिन्यातसुद्धा त्यांचा हार दिवेलागणीपर्यंत मान टाकत नसे. "ऊन सगळ्यांवर पडतं," ते म्हणत, "पण गारवा धरून ठेवला तर माल लय टिकतो."

शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे घरात आलेला प्रत्येक कागद गुरुवारी हारांबरोबर देवऱ्यांच्या टेबलावर यायचा. "साहेब, हे काय म्हणतंय बघा जरा." पोस्टात मुलीच्या, सृष्टीच्या नावानं दरमहा पैसे टाका, असं देवऱ्यांनी सांगितलं, भिमाजींनी टाकले. पीक विम्याचा अर्ज मुदतीआधी भरा म्हणाले; भरला, आणि गारपिटीच्या वर्षी भरपाई मिळाली. मुलीला कॉमर्सला घाला म्हणाले, घातलं. देवऱ्यांचा शब्द एकदाही खाली पडला नव्हता, आणि देवऱ्यांनी त्यांची एकदाही थट्टा केली नव्हती.

त्या शुक्रवारी मात्र ऑफिसात पेढे वाटून झाले होते. प्रत्येक कम्प्युटरला हळद-कुंकू लागलं होतं. देवऱ्यांच्या कम्प्युटरवर हार चढवताना भिमाजी थबकले.

"साहेब, आमच्या सृष्टीचा कम्प्युटर लय हळू चालतो. द्वारका चौकातल्या दुकानातून जुना घेतला ना. चालू केला की चहा होतो, पिऊन होतो, तरी तो आपला गरगर फिरतोय."

"प्रोसेसर तापत असेल," देवरे म्हणाले. एवढं खरंच होतं.

"म्हणजे?"

स्टोअरमधला महेश मध्ये पडला. "नाना, प्रोसेसर म्हणजे त्याचं डोकं. डोकं तापल्यावर माणूस चालतो का सरळ?"

"मग काय करायचं?"

महेशनं देवऱ्यांकडे बघून डोळा मारला. चार माणसं काम सोडून वळली. आणि देवऱ्यांना काय झालं कोण जाणे, ते चष्मा पुसत अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताप आल्यावर काय करतात, नाना? गार पट्टी. डब्यावर ओलं कापड टाकायचं. पळतो की नाही बघा."

"गोणपाट चालंल?"

"उत्तम. पण पिळून."

"पिळणारच की!" भिमाजी म्हणाले. "ते काय मला शिकवायचं?"

ते जिना उतरून जाईपर्यंत कोणी हसलं नाही. मग मात्र महेश टेबलावर डोकं ठेवून हसला. देवरेही हसले. बऱ्याच वर्षांनी आपल्या बोलण्यावर सगळं ऑफिस हसलं, याचं त्यांना बरंही वाटलं.

पुढचा गुरुवार नेहमीसारखा गेला. त्यानंतरच्या गुरुवारी भिमाजी हार ठेवून उभेच राहिले.

"साहेब, माझा हात जड पडला."

"कशाचा हात?"

"पाण्याचा. रविवारी अकराला सृष्टीची परीक्षा होती, घरूनच, कम्प्युटरवर. विम्याच्या ऑफिसात नोकरीला घेणार होते. पोर म्हणाली, आज तरी हा नीट चालू दे. मग ती अंघोळीला गेली तसा मी चालू केला, अन गोणपाट टाकलं. शेवंतीला टाकतो तसं. पण चुकलो. झेंडूइतकं पाणी राहिलं. वरच्या जाळीतून आत गेलं. फट् आवाज झाला, धूर निघाला. हाताला अशा मुंग्या आल्या, कोपरापर्यंत."

देवऱ्यांनी पेन खाली ठेवला. "आणि परीक्षा?"

"पोर इंदिरानगरला पळाली, निकिताकडे. मैत्रीण आहे तिची. तिथं पोचायला अकरा वीस झाले. अकरा दहालाच कम्प्युटरवरचं परीक्षेचं दार बंद झालं म्हणे." भिमाजींनी पाटी उचलली. "लय बोलली मला. म्हणाली, कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, सांगणाऱ्यानं बरोबर सांगितलं, पिळून टाका म्हणून बजावलंसुद्धा. करणाऱ्यानं माती केली. तुमचं नाव नाय घेतलं. उगाच तुमच्यावर कशाला?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. देवरे फक्त "अरेरे" म्हणाले. भिमाजी गेले. महेशनं मान वर केली नाही.

दोन गुरुवार असेच गेले. देवऱ्यांना जेवण गोड लागेना. मुलीची हातची नोकरी गेली हे एक होतंच. पण चालू यंत्रावर ओलं कापड टाकायला आपण एका माणसाला सांगितलं आणि तो वाचला तो नशिबानं, हे त्यांना हिशेब तपासताना मध्येच आठवायचं आणि आकडा पुन्हा पहिल्यापासून मिळवावा लागायचा. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय सांगता? त्यांना सांगा."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते मखमलाबादला गेले. ओसरीवर भिमाजी फुलं निवडत होते. सृष्टी दाराशी उभी होती; तिनं "या काका" म्हटलं, पण दारातून हलली नाही. सांगणारा कोण ते तिनं ओळखलं आहे, हे देवऱ्यांना तिच्या नजरेवरून समजलं.

"नाना, तुमचा हात जड पडला नव्हता," देवरे म्हणाले. "कितीही पिळलं असतं तरी कम्प्युटर गेलाच असता. त्यावर ओलं कापड टाकतच नाहीत. मी थट्टा केली होती."

भिमाजींची बोटं थांबली. "थट्टा?"

"हो."

"माझी?"

देवऱ्यांनी मान हलवली.

"मी गेल्यावर हसलात?"

"हसलो."

"सगळे?"

"सगळे."

भिमाजींनी एक शेवंती उचलली, उलटी करून पाहिली, बाजूला ठेवली. आत चतुराबाईंनी भांडं आपटलं.

"नवा कम्प्युटर मी घेऊन देतो," देवरे घाईनं म्हणाले. "आणि सृष्टीसाठी दोन-तीन ठिकाणी मी स्वतः—"

"नको काका," सृष्टी म्हणाली. "निकिताकडे बसून मी दुसरीकडे अर्ज केलाय."

मग भिमाजींनी खाली बघतच विचारलं, "साहेब, ते पोस्टातलं... ते खरं आहे ना?"

"नाना, ते खरं आहे. पासबुक बघा ना तुम्ही."

"मला कुठं वाचता येतं नीट? अन विम्याचं?"

"तेही खरं."

"अन पोरीला कॉमर्सला घातलं ते?"

"खरं, नाना. शपथेवर सांगतो."

"हं," भिमाजी म्हणाले. मग मुलीकडे वळले. "सृष्टी, ते पासबुक काढ गं. तू वाच मला एकदा."

ती आत गेली. देवरे उठले. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.

हार अजून दर गुरुवारी येतात. गोणपाटही तसंच, बेतानं पिळलेलं. पण भिमाजी वर येत नाहीत. फाटकावर पहारेकऱ्याकडे पाटी देतात आणि जातात. पैसे महिन्याच्या महिन्याला सृष्टीच्या खात्यात जमा करायचे, असा निरोप आला, तसे होतात. कागद घेऊन कोणी आलेलं नाही.

त्या रविवारी देवरे मोटारीत बसत असताना चतुराबाईंनी मेथीच्या चार जुड्या पिशवीत घालून दिल्या होत्या. रिकाम्या हातानं पाठवायची रीत नाही, पण फुकट घ्या असंही त्या म्हणाल्या नाहीत. "पंधराला एक," एवढंच म्हणाल्या. देवऱ्यांकडे सुटे नव्हते. ते साठ रुपये अजून द्यायचे आहेत.