आत्याबाईंच्या मायचं लुगडं

मैत्रिणींनो, मघाशीच घरी आले. लगेच लिहायला बसले.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. आज पहिल्यांदाच हळदीकुंकवाला गेले, इथेच नागपुरात, विणकरांच्या जुन्या गल्लीतल्या एका घरी. कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि छातीवरची ओढणी सारखी करत राहिले.

त्या घरच्या पंच्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई जवळ आल्या. "काहून लपून राहिली वं?" त्यांनी आतून एक लुगडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"माह्या मायनं विणलं हे. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्सं झाली होती. तिचंबी तुह्यासारखंच आपरेशन झालं. चार महिने घराबाहेर नाही निघाली. मंग मागावर बसली."

मी बोटं फिरवली. एका टोकाला वीण जाळीसारखी विरळ, कारण ऑपरेशननंतर तिच्या हातात जोरच नव्हता. पुढे दाट होत गेलेली. दुसऱ्या टोकाला इतकी घट्ट, की नख शिरेना!

असलं विरळ टोक कोणीही कमरेशी खोचून दडवेल. या बाईनं त्याचाच पदर छातीवरून घेतला आणि गल्लीतल्या हळदीकुंकवाला गेली. तिथे सगळ्या विणणाऱ्याच बाया. कापड पाहूनच समजल्या.

"कोणी काही इचारलं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "सरकून जागा देली."

तुम्ही तुमचं विरळ टोक कुठे खोचून ठेवलंय गं?

माझी ओढणी त्या खुर्चीवरच राहिली. हे आत्ता, लिहिता लिहिता लक्षात आलं.