कुत्र्याचा कान, भावोजींचा हात

तेव्हा आमच्या वाडीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मध्ये कोणी विचारायला नको. मी होते. माझी सासू होती; तिचं माहेर कामणचं, भातशेतीतलं, आणि तिची बोली मरेपर्यंत तिकडचीच राहिली. माझी मुलगी शालू होती, नुकती चालायला लागलेली. वाडीबाहेर, पण आमच्या बोळिंज गावातच, माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, आणि त्यांचे यजमान, म्हणजे माझे भावोजी. शिवाय गावचे पाटील होते. आणि खलाशी होता. खलाशी म्हणजे आमचा कुत्रा. शालूचे वडील नव्हते. ते आदल्या साली तापाने गेले. रडायला फार वेळ मिळाला नाही, रहाट थांबला की केळी माना टाकतात.

आता भावोजींचं सांगते. अख्ख्या वसई तालुक्यात असा माणूस दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर तालुक्याला झेपला नसता. ते डॉक्टर होते, पण कोणाला बरं करायचे नाहीत. माणसाला काय झालंय तेवढंच शोधायचे. जन्मभर तिकडे बंगालात काळ्या आजाराच्या सरकारी कामावर होते, आणि पेन्शन घेऊन बोळिंजला आले ते बारीक जीव मोठे दाखवणारी पितळेची एक दुर्बीण, काचांची पेटी आणि निळ्या-जांभळ्या रंगाच्या बाटल्या घेऊन. वन्सं म्हणायच्या, "लोकांचे नवरे परमुलखातून साड्या आणतात, माझ्याने शाई आणली." त्या दुर्बिणीखाली त्यांनी काय काय ठेवलं असेल ते विचारू नका. शेजारच्या सत्यनारायणाला गेले आणि तीर्थाचा थेंब काचेवर घेऊन आले. बराच वेळ बघितलं आणि सगळ्यांदेखत आनंदाने म्हणाले, "जिवंत आहे हो, जिवंत आहे!" त्या दिवशी तीर्थ कोणी घेतलं नाही, आणि भटजी पुढे कितीतरी दिवस आमच्या आळीत आले नाहीत. लग्नाच्या पंगतीत नवऱ्यामुलाच्या मानेवर डास बसला तर सगळी माणसं हात उगारतील, भावोजी ओरडायचे, "मारू नका, पिऊ दे त्याला!" आणि काचेची नळी घेऊन धावायचे.

पण त्यांची खरी खोड वेगळीच. डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'आहे' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघायचा नाही. वन्संनी विचारलं, कालवणात मीठ बरोबर आहे का, तर म्हणायचे, "या घासात बरोबर लागलं. पुढच्या घासाचं पुढे सांगतो." वन्सं कपाळाला हात लावायच्या. "वहिनी, तुम्हीच सांगा, अशा माणसाबरोबर संसार झालाय असं म्हणायचं की झाल्यासारखा वाटतोय म्हणायचं?"

खलाशी आमच्याकडे आला अर्नाळ्याहून. तिकडे एक गलबत लागलं होतं, लांब पश्चिमेकडच्या कुठल्यातरी बंदरातून आलेलं. ते गेलं आणि हा किनाऱ्यावर राहिला. उंच, पिवळट, पाय काठीसारखे. माझ्या मागे आला आणि राहिला. मला त्याची गरज होती. राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात घालायची, त्याची सुकेळी करायची, ते माझं पोट. दिवसा कावळे, अंधार पडला की कोल्हे, आणि कोल्ह्यांपेक्षा माणसं वाईट. वाडीत एक म्हातारी, एक मी, एक लेकरू. खलाशी होता म्हणून आम्हाला झोप लागायची. एवढंच त्याचं काम, पण त्याच्याशिवाय वाडी टिकली नसती.

मग त्याचे केस झडायला लागले. डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखी गोल टक्कलं पडली. कानाच्या कडेला जखम झाली, ती भरेचना. नखं तर एवढी वाढली की सारवलेल्या जमिनीवरून चालला की टकटक वाजायचं. सगळे म्हणाले, खरूज आहे, गंधक लावा. भावोजी सहज आले होते. त्यांनी नखं बघितली आणि पायातल्या वहाणा न काढता ओटीवर चढले, जे ते कधी करत नसत. "वहिनी, याचा कान जरा मला द्या," म्हणाले. मला वाटलं कापून नेतात. पण त्यांनी कानाची कड नुसती खरवडली, काचेवर पसरली, रंग घातला, आणि दुपारपर्यंत दुर्बिणीला डोळा लावून बसले. मग मला बोलावलं. मी बघितलं. निळं पाणी आणि त्यात तांदळाच्या कणीसारखे ठिपके. प्रत्येक कणीत एक मोठं टिंब आणि त्याच्या शेजारी बारीक काडी. मी म्हटलं, "छान दिसतंय." ते म्हणाले, "दिसतं छानच. माणसाला मारतं."

गोष्ट अशी होती. हे किडे दोन जातींचे. एक जात पोटात शिरते, डाव्या बरगडीखालची पाणथरी फुगवते, माणूस ताप येऊन येऊन काळा पडतो आणि जातो. दुसरी नुसती कातडीत राहते, एक गळू उठवते आणि निघून जाते. एक बारीक माशी कुत्र्याला चावून माणसाला चावली की किडा इकडून तिकडे. आणि दुर्बिणीखाली दोन्ही जाती अगदी सारख्या दिसतात. त्यातली कुठली खलाशीच्या कानात बसलीय ते खुद्द भावोजींनाही सांगता येईना.

ही बातमी पाटलांपर्यंत कशी गेली कोण जाणे. ते बंदुकवाल्याला घेऊनच आले. "डॉक्टर, एका शब्दात सांगा. मारू की नको?"

"एका शब्दात सांगतो. थांबा."

"गावात लहान पोरं आहेत. हिचीच पोर कुत्र्याच्या अंगावर लोळते."

"म्हणूनच म्हणतो. पोटातला असेल तर मी स्वतः त्याला मारीन. कातडीतला असेल तर तुम्ही मारायचं नाही."

पाटलांनी होळीपर्यंत मुदत दिली. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी खलाशीला दोरी बांधली आणि कामाला लागले.

भावोजींनी ठरवलं की किडे बाटलीत वाढवायचे आणि मुंबईला पाठवायचे. तिथे मोठ्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांना ते टोचतात. उंदराची पाणथरी धरली तर वाईट, कातडी धरली तर बरं. आता ते किडे खातात काय, तर सशाचं रक्त. वन्संनी एक ससा पाळला होता. त्याच्या कानातून भावोजींनी थोडं रक्त काढलं. ससा जगला, पण नंतर भावोजींचं धोतर दिसलं की परसातून नाहीसा व्हायचा. बाटली भरली, खलाशीच्या कानातलं त्यात घातलं, बूच मेणाने बंद केलं. तिला गारवा पाहिजे. आमच्या घराण्यात गारव्याची जागा एकच, वाडीतली विहीर. त्यांनी बाटली सुतळीने बांधून विहिरीत पाण्याच्या वर सोडली आणि मला सांगून गेले. सासूबाईंना सांगायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सासूबाई पाणी शेंदायला गेल्या आणि त्यांनी सुतळी ओढली. मी मांडवावर केळी पालथी घालत होते. एवढ्या जोरात किंकाळी ऐकू आली की मला वाटलं म्हातारी आत पडली.

"रगत! रांडमुंड बाईच्या विहिरीत रगत टांगलंय! कोनी केली ही करनी?"

मी धावत पोचेपर्यंत म्हातारी बाटली पदरात गुंडाळून, नारळ आणि लिंबू घेऊन, शेजारच्या बैलगाडीतून अर्नाळ्याच्या वाटेला लागली होती. तिथे एका कोळ्याला तिने होडी घालायला लावली आणि बाटली खोल पाण्यात सोडून दिली. संध्याकाळी परत आली ती मोकळ्या चेहऱ्याने. म्हणाली, "गेली करनी. पानी आता निर्धास्त पी. आन् येताना बोंबील आनलेत."

मला वाटलं भावोजी आता म्हातारीला बोलतील. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "खाऱ्या पाण्यात लगेच मरतील बिचारे."

"बिचारे!" वन्सं म्हणाल्या. "माझा ससा नाही बिचारा, ते बिचारे!"

होळी आठवड्यावर आली होती. नवी बाटली वाढायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी भावोजी आले, खलाशीचा कान पुन्हा खरवडला, आणि आमच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या डाव्या हाताची कातडी सुईने उकरून तिथे ते चोळलं.

"हे काय केलंत?" वन्सं किंचाळल्या.

"मुंबईचे उंदीर लांब आहेत, मी इथे आहे. शिवाय उंदराला कुठे दुखतं ते सांगता येत नाही."

"तुम्हाला तरी कधी सांगता आलंय? लग्न झाल्यापासून विचारतेय!"

पाटील आले, हात बघितला आणि खाली बसले. डॉक्टरच्या हातापुढे बंदुकवाल्याचं काय चालणार? म्हणाले, "हातावर काही उठेपर्यंत कुत्रा राहू दे." ती बारीक माशी लपू नये म्हणून भावोजींनी आमच्या घराच्या सगळ्या फटी शेणमातीने बुजवून घेतल्या, दिवेलागणीला कडुनिंबाचा धूर करायला लावला, आणि शालूला खलाशीपासून लांब ठेवायला सांगितलं. मग आख्खं बोळिंज भावोजींच्या हाताची वाट बघायला लागलं. बाया विहिरीवर विचारायच्या, "वन्सं, आलं का काही?" वन्सं म्हणायच्या, "अजून नाही गं." अगदी दिवस राहिलेल्या सुनेची चौकशी व्हावी तशी. एकीने तर त्यांच्यासाठी डिंकाचे लाडू पाठवले. भावोजींनी खाल्ले.

आणि एक दिवस त्यांना थंडी वाजून ताप भरला. दात वाजत होते. वन्सं कोपऱ्यात बसून होत्या, त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही. मी पायाशी बसले. मी पुष्कळ बघितलं होतं, घाबरणारी नव्हते, पण कुत्रा राहायचा आणि वन्संचं कुंकू जायचं, हा हिशेब मला नको होता. मी म्हटलं, "भावोजी, पुरे. मी खलाशीला पाटलांच्या ताब्यात देते."

गोधडीतून डोकं बाहेर काढून ते म्हणाले, "आता कुत्र्याचा काय संबंध? आता मला कळलं पाहिजे." आणि तशा तापात स्वतःच्या बोटाला टोचून काच रंगवली. दुर्बिणीला डोळा लावला आणि ओरडले, "हिवताप! अगं, साधा हिवताप आहे!" एवढा आनंद मी मुलगा झालेल्या माणसालाही झालेला बघितला नाही. वन्संनी हिवतापाच्या कडू कोयनेलबरोबर गूळ दिला.

पुढे बऱ्याच दिवसांनी हातावर तांबडी पुटकुळी आली. मग गळू. पोट मऊच, पाणथरी जागच्या जागी. गळू खरवडून बघितलं तर तीच टिंबं, त्याच काड्या. पाटलांनी विचारलं, "मग? नक्की?" भावोजींनी गळवाकडे एकदा बघितलं, खलाशीकडे बघितलं. "कातडीतलाच आहे," म्हणाले. मी दोरी सोडली. खलाशी मांडवाखाली जाऊन पडला, जसा काही त्याचा या सगळ्याशी संबंधच नव्हता. पुढे त्याचा कानही सुकला, कातरलेला राहिला. शालूच्या शाळेच्या वयापर्यंत त्याने वाडी राखली, आणि मग म्हातारा होऊन गेला.

भावोजींचं गळू वर्षभर वाहत होतं. बरं झालं तेव्हा हातावर सुपारीएवढा खड्डा राहिला, कडा चुरगळलेल्या, रंग पांढुरका. जुनी माणसं होती तोवर ठीक. पण नंतर नवीन बिऱ्हाडं आली, आणि कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला महारोग आहे. पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहायला लागलं. मुलं वाट सोडून चालायची. मी भांडायला निघाले तर त्यांनी मला थांबवलं. "कोणी विचारलं तर सांगेन, वहिनी. न विचारता काय सांगायचं?" कोणी विचारलं नाही. ते गेले तेव्हा खांदा द्यायला माणसं शोधावी लागली. वन्संनी त्यांचा तो हात शेवटपर्यंत स्वतःच्या हातात धरून ठेवला होता.

मला लिहिता येत नाही, नात लिहून घेतेय. वाचणाऱ्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात बोळिंजकडचं कोणी जुनं माणूस असेल, आणि त्याला दुर्बीणवाले डॉक्टर महारोगी होते असं आठवत असेल, तर त्याला सांगा, तसं नव्हतं. तो डाग माझ्या कुत्र्यापायी पडला होता.