खालच्या घराची चौकशी

आमचे घरमालक माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त तक्रार ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. ते खाली राहायचे, आम्ही वर. नळाला गटाराचं पाणी मिसळून यायला लागलं तेव्हा मी त्यांना दोन-चारदा सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांनी मला चहा पाजला. शेवटी वैतागून मी महापालिकेत तक्रार केली. माणसं आली, पाइप बघितला आणि मालकांना सगळ्या गल्लीदेखत बोलून गेली. त्याच आठवड्यात वकिलाची नोटीस आली: मुलाचं लग्न आहे, जागा घरच्यांसाठी हवी, खाली करा.

मुलगी अजून बघायचीच होती. बाजारात तुरी, भट भटणीला मारी. पण माझी लेक दहावीला, शाळा गल्लीच्या तोंडाशी. त्या वर्षी बिऱ्हाड हलवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. माझा वकील म्हणाला, ही नोटीस सूड म्हणून दिलीय, कोर्टात भांडू. मालकही इरेला पेटले. नोटीस खरी करायला त्यांनी झपाट्यानं स्थळं बघितली आणि कुरुंदवाडचं एक जमत आलं.

आता सोयरीक जुळवायची तर मुलीकडचे आधी शेजारीपाजारी चौकशी करणारच. मुलीचे वडील मालकांकडचे पोहे खाऊन निघाले ते तडक आमचा जिना चढले.

"पावणं, खालची माणसं कशी हायती? खरं सांगा की."

बायको दाराआडून माझ्याकडे बघत होती. वाईट सांगितलं तर लग्न मोडणार, आणि नोटिशीतलं कारणच जाणार. चांगलं सांगितलं तर आम्ही रस्त्यावर. मालकांचा मला मनस्वी राग होता. तरी पोराबद्दल वाईट बोलायला जीभ रेटेना; माझ्या लेकीची सायकल बिघडली की तोच दुरुस्त करून द्यायचा.

"पोरगं सोन्यासारखं हाय," मी म्हणालो. "बापाचं डोस्कं तेवढं गरम. आन पाणी उकळून प्यावं लागतंय, आधी पाइप बदलून घ्या."

ते गेल्यावर बायकोनं माळ्यावरची रिकामी खोकी खाली काढली.

काही दिवसांनी मालक स्वतः वर आले. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालं होतं.

"लगीन ठरलं," ते म्हणाले. "पाइप उद्या बदलतोय. पर व्याह्यांनी अट घातलीया. वरच्या बिऱ्हाडाला हलवायचं न्हाय. आमच्या लेकीची खुशाली खरी सांगणारं एक माणूस त्या घरात पायजे, म्हणत्यात."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि बायकोला म्हटलं, चहा टाक.