एकतिसावा खुंट

हुद्दा: वाळूखुंट निरीक्षक, वर्ग चार, हंगामी. सेवा: चौतीस वर्षे. उंची: पाच फूट चार इंच. ओळखीची खूण: उजव्या घोट्यावर जुना व्रण, चालताना पाय किंचित ओढला जातो. कर्तव्ये: तलावाकाठच्या वाळूटेकड्यांतील चाळीस खुंटांचे दरमहा, प्रत्यक्ष जागेवर जाऊन, वाचन करणे व तशी नोंद करणे. वर्तणूक: समाधानकारक. कायमचा पत्ता: तलावाकडचा रस्ता, शेवटून दुसरे घर.

हंगाम चौतीस वर्षं टिकला, यात खात्याला काही वावगं वाटलं नव्हतं. लोक त्यांना खुंटमास्तर म्हणत. त्यांच्या हाताखाली शाळा नव्हती की स्टेशन नव्हतं. होते ते चाळीस लाकडी खुंट, आणि तेही उभ्या उभ्या बुडत चाललेले.

काम सोपं होतं. तलाव वाळू काठावर टाकी, वारा ती उचलून टेकड्या रची आणि टेकड्या वर्षाला काही हात अशा बेताने गावाकडे सरकत. प्रत्येक खुंटावर वीतभर रुंदीचे बारा पट्टे रंगवलेले असत, एक काळा, एक पांढरा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मास्तरांनी वाळूच्या वर किती पट्टे दिसतात ते मोठ्याने मोजायचं आणि वहीत लिहायचं. चारपेक्षा कमी दिसले, की त्या खुंटामागची घरं 'धोक्यातली' ठरत. मग नोटीस येई आणि माणसं सामानासकट गावातल्या खोल्यांत हलवली जात.

त्या मुलखातले आडरस्ते मास्तरांना तळहातावरच्या रेषांसारखे पाठ होते. त्यातले निम्मे कुठेच जात नसत. माणूस पाण्यात उतरावा तसा रस्ता सावकाश टेकडीत उतरे आणि परत वर येत नसे. एका ठिकाणी वळणाची पाटी गळ्यापर्यंत बुडाली होती. 'पुढे' एवढाच शब्द वर राहिला होता. जुन्या बसथांब्याचं छप्पर तेवढं वाळूवर होतं, आणि त्यावर बसून डबा खायची मास्तरांची सवय होती. बस कधी येईल याची काळजी नाही, असं ते म्हणत.

याच छपरावरून लहानपणी त्यांना थोरल्या बहिणीने ढकललं होतं. गंमत म्हणून. तेव्हा वाळू इतकी वर आलेली नव्हती. घोटा मोडला. बहिणीने त्यांना पाठुंगळी मारून दीड मैल घरी आणलं, आईचा मार खाल्ला आणि तेव्हापासून त्या घोट्याची जबाबदारी जन्मभरासाठी अंगावर घेतली. ही बहीण म्हणजे अक्का. रस्त्याच्या अगदी टोकाला, शेवटच्या घरात, नवऱ्यामागे एकटी राहायची. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकतिसावा खुंट दिसे.

सहा वर्षांपूर्वी मास्तर त्या खिडकीखाली उभे राहून मोजत होते. पाच झाले.

"किती?" आतून अक्का.

"पाच."

"आठ लिही."

"अक्का, सरकारी वही आहे."

"सरकार काय वाळवंट तुडवत बघायला येणार आहे? तुझा पगार चालू आहे ना, मग माझं घरही चालू दे. मी त्या गावातल्या खुराड्यात राहायला जाणार नाही. शेजारणीच्या शिंका ऐकू येतात तिथे. लिही आठ."

अक्काच्या तोंडाला लागायची प्राज्ञा मास्तरांची कधीच नव्हती. त्यांनी आठ लिहिलं आणि महिनाभर झोप नीट लागली नाही. पुढच्या पहिल्या सोमवारी जाऊन पाहतात, तर आठ पट्टे वर. त्यांनी दोनदा मोजलं. वारा फिरला असेल म्हणाले आणि खरीच नोंद झाल्याच्या आनंदात परत आले.

त्या हिवाळ्यात घोटा सुजला. दोन महिने मास्तर घरात बसून राहिले आणि कागदी घोडे नाचवून त्यांनी चाळीसही खुंटांची वाचनं अंदाजाने भरली. मग जाऊन पडताळली. चाळीसच्या चाळीस बरोबर निघाली. हेडक्लार्क बाईंनी तर कौतुकच केलं. "काका, इतकी नेटकी वही माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नाही. कुठे खाडाखोड म्हणून नाही."

माणसाला एकदा अशी शाबासकी मिळाली, की प्रामाणिकपणाला फारसं कारण उरत नाही. घोटा बरा झाला, तरी मास्तर जाईनासे झाले. दर पहिल्या सोमवारी चहा घेऊन ओसरीवर बसत आणि चाळीस आकडे लिहीत. बाकीच्या खुंटांचे आकडे वाळूच्या चालीने उतरत जात. एकतिसाव्याला मात्र आठ. न चुकता आठ.

चार वर्षं अशी गेली. मग एका पहिल्या सोमवारी, आकडे लिहून झाल्यावर, ऊन बरं पडलं होतं म्हणून, अक्का आणि ते फिरायला निघाले. लहानपणीचेच आडरस्ते. बसथांब्याचं छप्पर आता चार बोटंच वर होतं. पुढे सतराव्या खुंटाच्या चढावर मास्तर थबकले.

वाळूत पावलं होती. ताजी. एका माणसाची. डावं पाऊल स्वच्छ उमटलेलं आणि उजव्यामागे प्रत्येक वेळी एक ओरखडा, पाय ओढल्यासारखा. पावलं सतराव्या खुंटाशी जात होती, तिथे माणूस मोजायला थांबतो तेवढा वेळ थांबत होती आणि अठराव्याकडे निघत होती.

"कधी आला होतास?" अक्काने विचारलं.

"मी आलोच नाही. चार वर्षांत नाही."

"मग विसरला असशील. वय झालंय."

मास्तरांनी चप्पल काढली आणि उजवा पाय त्या ठशावर ठेवला. बसला. टाचेची बारीक भेगसुद्धा बसली. त्यांच्या मनात आलेला विचार सरळ होता आणि म्हणूनच त्यांची पाचावर धारण बसली. वहीत दरमहा 'प्रत्यक्ष जागेवर हजर' असं लिहिलेलं होतं. ते स्वतः हजर नव्हते. म्हणजे कोणाला तरी हजर राहावं लागलं होतं.

"चल घरी," अक्का म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता. "आणि खाली बघून चालू नकोस."

घराकडे वळताना मास्तरांनी अक्काचं घर चार वर्षांत पहिल्यांदा मागच्या बाजूने पाहिलं. तिसावा खुंट दिसेना. बत्तिसावाही दिसेना. दोन्हीकडून टेकडी पुढे आली होती, घराच्या छपराच्या दुप्पट उंच. फक्त एकतिसाव्याभोवती ती थांबली होती, कोणी हाताने दाबून धरावी तशी. वाळूची भिंत सरळ उभी होती. वाळू अशी उभी राहत नाही, हे ज्याने बत्तीस वर्षं वाळू पाहिली त्याला कोणी सांगायला नको. भिंतीचा माथा घराच्या बाजूला किंचित झुकला होता. खाली, खड्ड्यात, अक्काचं अंगण लख्ख होतं. खुंटाचे आठ पट्टे वर.

"ऊन किती वाजता येतं तुझ्याकडे?"

"बाराला येतं, एकला जातं," अक्का म्हणाली. "पण झाडायला काही लागत नाही. केरसुणी नवीच्या नवी आहे."

"वारा?"

"वारा नाही." ती पुढे म्हणाली, "महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजणं मात्र ऐकू येतं. खिडकीखाली. तुझ्यासारखाच, नाकात मोजतो. आधी वाटलं तूच आहेस, म्हणून चहा ठेवला. आला नाही आत."

मास्तरांनी ते आठ पट्टे मनात पुन्हा मोजले. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. आडात त्यांनी स्वतःच काय ओतलं होतं ते त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतरची दोन वर्षं ते नोंद करत राहिले. दुसरं करणार काय? आठाच्या जागी सात लिहिलं तर भिंत एक पट्टाच पुढे येईल, की सहा वर्षांची साचलेली वाळू एकदम, हे विचारायला कोणी नव्हतं. मग कार्यालयाचं पत्र आलं. मास्तर महिनाअखेरीस निवृत्त होत होते, पद रद्द होत होतं आणि वही बंद होत होती. ते पत्र घेऊन थेट हेडक्लार्क बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"पुढच्या महिन्यापासून खुंटांचं काय?"

"काही नाही, काका. वही नाही तर खुंट नाही."

"पण वाळू आहे."

"वाळू आपल्या खात्याकडे नाही," बाई समजुतीने म्हणाल्या. "ती कुणाकडेच नाही. आपल्याकडे फक्त नोंद होती. आता आराम करा. बहिणीकडे वगैरे जात जा."

परत येताना मास्तरांनी हिशेब मांडला, तो असा. भिंत एका आकड्यावर उभी आहे. आकडा लिहिणं बंद झालं, की ती तिच्या मर्जीने पडेल, आणि तेव्हा अक्का खाली चहा उकळत असेल. अक्काला तिथून काढली, तर दोन दिवसांत ती परत जाईल. घर उभं आहे तोवर ती जाणारच. म्हणजे आधी अक्का बाहेर यायला हवी आणि मग घर जायला हवं. याच क्रमाने.

त्यांनी सांगून पाहिलं, नाही असं नाही.

"नोटीस आली तर चुलीत घालीन," अक्का म्हणाली. "आणि तू लिहितोस ना आठ? मग तुला कसली भीती?"

मग त्या आठवड्यात मास्तरांनी एकेक वस्तू हलवायला सुरुवात केली. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला नेलं. मेव्हण्यांचा फोटो चौकट बदलायला नेला. किटली उसनी नेली. कागदपत्रांची पत्र्याची पेटी 'गंज काढायला' नेली.

"घर लुटतोयस का माझं?" अक्काने विचारलं. "सांगून तरी लूट. मदत करते."

शेवटच्या नोंदीच्या सोमवारी सकाळी शेजारच्या बाईकरवी निरोप गेला: मास्तरांचा घोटा पुन्हा गेला, पाऊल टेकवत नाही. अक्का अर्ध्या तासात हजर झाली, कपड्यांची पिशवी आणि मालिशच्या तेलाची बाटली घेऊन. खात्याला न जुमानणारी बाई त्या घोट्यापुढे नेहमीच नमत आली होती. तिने ओसरीवर बसून पाय मांडीवर घेतला.

"सूज तर दिसत नाही."

"आतून आहे."

"तू जन्मापासून आतूनच आजारी आहेस," ती म्हणाली आणि चोळू लागली.

ती पाणी तापवायला आत गेली, तेव्हा मास्तरांनी वही उघडली. तिसापर्यंत आकडे लिहिले. एकतिसाव्यावर लेखणी थांबली. हाताला तो आठ आपोआप येत होता, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना तो अडवावा लागला. त्यांनी शून्य लिहिलं. पुढचे नऊ आकडे भरले, सही केली, वही मिटली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

काही झालं नाही. अक्का पाणी घेऊन बाहेर आली आणि पातेलं खाली ठेवून तशीच उभी राहिली.

"चष्मा राहिला घरी. आलेच घेऊन."

"राहू दे."

"राहू दे काय? चष्म्याशिवाय तेल समजून फिनेल चोळीन तुला." ती पायऱ्या उतरलीदेखील.

मास्तर उठले, तीन ढांगांत अंगण ओलांडलं आणि फाटकाशी तिचा दंड धरला. अक्काने आधी हाताकडे पाहिलं, मग खाली पायाकडे.

"घोटा गेलाय ना तुझा?"

"अक्का, जाऊ नकोस."

"खोटं बोललास."

"हो."

ती तोंड उघडणार, तेवढ्यात आवाज सुरू झाला. फार मोठा नव्हता. धान्याचं पोतं फाटून दाणे सांडावेत तसा, फक्त पोतं संपत नव्हतं. मग वाळू सांडायची थांबली आणि लाकूड मोडल्याचा एकच आवाज आला. मग काही नाही. वारा मात्र आला. सहा वर्षांनी त्या बाजूने वारा आला आणि दोघांच्या दातांत वाळू करकरली.

अक्का फाटकाशेजारच्या दगडावर बसली.

"किती लिहिलंस?"

"शून्य."

"एखादा तरी पट्टा ठेवायचास की रे," ती म्हणाली. "केरसुणी नवी होती."

संध्याकाळच्या आत दोघं जाऊन पाहून आली. घर नव्हतं. एक गुळगुळीत उतार होता आणि त्यावर पक्ष्याच्या पायाचाही ठसा नव्हता. ठसे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. उतारातून बाहेर पडलेली पावलं, उजव्यामागे ओरखडा, रस्त्याने सरळ मास्तरांच्या फाटकापर्यंत, अंगणातून ओसरीच्या पायरीपर्यंत. परत जाणारी नव्हती. मास्तरांनी स्वतःचे तळवे पाहिले. कोरडे, स्वच्छ.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी तशी पावलं येतात. वही बंद आहे. आकडे सांगायला कोणीतरी येत असावं आणि लिहून घ्यायला कोणी नसावं. अक्का सकाळी पायरी झाडते. त्या दिवशी चहा तीन कप ठेवते. तिसरा तसाच गार होतो.

खात्याकडून सेवापूर्तीचं प्रशस्तिपत्र आलं. त्यात म्हटलं होतं, की सदर कर्मचाऱ्याने चौतीस वर्षे एकही फेरी न चुकवता, प्रत्यक्ष जागेवर जाऊन, सर्व वाचने अचूक नोंदवली. पाकिटावर पत्ता बरोबर घातला होता: तलावाकडचा रस्ता, शेवटून दुसरे घर. पोस्टमन नवा होता. त्याने टोकाकडून मोजलं आणि पाकीट शेजारच्या बाईला दिलं.

शेवटचं घर आता मास्तरांचं आहे.