धोटा काढण्याआधी मोटार बंद करा

मंडळी, माफ करा. फोन सकाळी आला आणि मी आत्ता दुपारी लिहितोय. हिंमतच होत नव्हती.

जन्मभर भिवंडीत कापड विणायचे लूम दुरुस्त केले. पेन्शन नाही, म्हणून सुनेकडून टाइप करून घेतलेलं लूम दुरुस्तीचं ई-पुस्तक विकतो. तुम्ही सगळ्यांनी तेच घेतलंय.

राहनाळच्या सलीमने नुकताच लूम टाकलाय. फोनवर म्हणाला, "चाचा, पुस्तक बघून अडकलेला धोटा काढत होतो. लूम चालू झाला, बोट चिरडलं. मोटार बंद करा असं कुठंच लिहिलं न्हाय."

माझ्या तोंडून निघालं, "अरे, ते काय लिहायचं असतं?"

"मला ठाऊक असतं तर पुस्तक कशाला घेतलं असतं?"

आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हात लावण्याआधी माझा हात आपोआप बटणावर जातो. त्यामुळे ते लिहायचं सुचलंच नाही. चूक माझीच.

विक्री थांबवली आहे. पण सून म्हणते, तुमच्या मोबाईलमधलं पुस्तक आपोआप बदलत नाही. म्हणून धोट्याच्या पानावर स्वतः लिहून ठेवा: आधी मोटार बंद, मगच हात.

प्रत्येकाने नुसतं 'वाचलं' एवढं लवकर कळवा. तोवर कृपा करून लूममध्ये हात घालू नका.