टँझीच्या शिंगराचा बाप

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत राहणाऱ्या व्हर्डा ट्रॅस्कला घोड्यांच्या सात-सात पिढ्या तोंडपाठ होत्या. वडिलांनी सुरू केलेली वंशावळीची वही त्यांच्यामागे तिच्याकडे आली. लग्न तिनं केलं नाही. भाऊ ऑरिन गुरं बघायचा, ही घोड्या बघायची. उन्हाळ्यात दुपारी पवनचक्कीखालच्या हौदाला टेकून ती घोड्यांच्या आयांची, आज्यांची, पणज्यांची नावं पुटपुटत बसे. पुटपुटता पुटपुटता डोळा लागे, आणि कधीच मातीआड झालेल्या त्या घोड्या उंच गवतातून एकामागून एक पाण्यावर येत.

१९६१च्या जूनमध्ये अशाच एका दुपारी तिला उतारावर चरणाऱ्या टँझी घोडीशेजारी एक गर्द रंगाचा, काळ्या आयाळीचा घोडा दिसला. तो कुंपणावरून चालतच आत आला होता. उडी नाही, धावपळ नाही, जणू मध्ये तार नव्हतीच. व्हर्डा नीट जागी झाली तेव्हा टँझी एकटीच होती. पेंगेतच काहीतरी पाहिलं असेल, म्हणून ती उठून कामाला लागली.

टँझी गाभण राहावी म्हणून तिला त्याच आठवड्यात डीकन दाखवला होता. डीकन घरचा, नावाजलेला घोडा, टँझीसारखाच अंगानं आणि आयाळीनं तांबूस. या जोडीचं शिंगरू वायोमिंगच्या एका गृहस्थांनी पोटात असतानाच मागून ठेवलं होतं. पुढच्या मेमध्ये, उजाडता उजाडता, टँझी व्याली. शिंगराचं अंग मातकट, पायांवर फिकट लव. रंग अजून ठरायचाय, असं सगळेच म्हणाले.

ऑगस्टात जन्माची लव झडली आणि खालून गुडघ्यापर्यंत काळेभोर पाय निघाले. आयाळही काळी. तांबूस घोडा आणि तांबूस घोडी यांच्या पोटी काळी आयाळ येत नाही, हे वडिलांनी व्हर्डाला लिहायला शिकवण्याआधी शिकवलं होतं. मग ती पश्चिमेच्या हद्दीवर गेली. वाऱ्यानं टेकडीची कूस फोडली होती आणि वाळूच्या लोटाखाली तीस पावलं कुंपण पुरतं बुजलं होतं. पलीकडे शेजारच्या लुंडीनचा घोडा टोबायस चरत होता. काळ्या आयाळीचा.

जेवताना तिनं ऑरिनला सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"नोंदणीच्या कागदावर गडद तांबूस, असं लिही. कागदाला काय दिसतंय?"

"मला दिसतंय ना."

"व्हर्डा, वायोमिंगवाल्याला शब्द दिलाय आपण."

"डीकनच्या पोराचा दिलाय. हे डीकनचं नाही."

तिनं दोन पत्रं लिहिली, एक घोड्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, एक वायोमिंगला. नोंदणीचे कागद कोरेच राहिले, वायोमिंगच्या गृहस्थांनी सभ्य शब्दांत नकार कळवला, आणि ऑरिन पंधरा दिवस तिच्याशी मिठापुरतंसुद्धा बोलला नाही.

त्याच पंधरा दिवसांत एकदा ती वही घेऊन लुंडीनच्या अंगणात गेली. इव्हार लुंडीन म्हणजे स्वीडनहून तरुणपणी आलेला, एकटाच म्हातारा झालेला शेजारी. तिला पाहताच त्यानं टोपी काढली.

"मिस व्हर्डा, चूक माझ्या घोड्याची. भरपाई काय करू, सांगा."

"भांडायला नाही आले मी, मिस्टर लुंडीन. टोबायसची आई कोण, ते विचारायला आले."

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो पायरीवर बसला आणि सावकाश सांगू लागला. टोबायसची आई हेड्डा. एका हिमवादळात इव्हारचे डोळे बर्फाच्या माऱ्यानं मिटून काही दिसेनासं झालं, तेव्हा गवताची घसरगाडी ओढत तिनंच त्याला दारापर्यंत आणलं. हेड्डाची आई कॅन्ससहून आलेल्या एका कुटुंबाची. शेती पिकेना म्हणून ते परत गेले, आणि घोडी लंगडत होती म्हणून तिला इथंच ठेवून गेले.

"आणि तिच्या आधी?" व्हर्डानं विचारलं.

"ते त्यांनी सांगितलं नाही. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही."

व्हर्डानं तेवढंच लिहून घेतलं आणि पुढची जागा मोकळी सोडली. शिंगराचं नाव तिनं इव्हारच्याच भाषेत ठेवलं: सांड, म्हणजे वाळू.

सांड मोठा झाला तो गुरांच्या कामातला. चौथ्या वर्षी शरदात गुरं गोळा करताना ऑरिनच्या घोड्याचा पाय मुरगळला आणि नाइलाजानं तो सांडवर बसला. कळपातून वासरू वेगळं काढताना लगाम ओढावाच लागला नाही. वासरानं कुठं वळायचं ते मनात आणावं आणि हा आधीच तिथं उभा असावा. घरी आल्यावर ऑरिननं स्वतःच्या हातानं त्याचं अंग पुसलं. रात्रीच्या जेवणाला बसताना तो म्हणाला, "येत्या जूनमध्ये दोन घोड्या याला दाखवू."

"कागद मिळणार नाहीत," व्हर्डा म्हणाली.

"मी कागद मागितले का?"

पुढं आसपासचे लोकही घोड्या घेऊन येऊ लागले. इव्हार गेला त्या वर्षी सांडची तीन शिंगरं गवतात होती. व्हर्डा हौदाशी बसून नावं म्हणे, आणि तिच्या पेंगेत आता एक लंगडी, बिननावाची घोडीही सावकाश टेकडी उतरून पाण्यावर येई.